भाई आणि कोटातली झाडं

भाई झाडांना अहो-जाहो करायचे. "त्येंका सकाळचा ऊन मानवणा नाय," असं ते कोटाच्या दरवाजापाशी असलेल्या वडाबद्दल म्हणाले की नव्या माणसाला वाटायचं, घरातल्या कुणा म्हाताऱ्याविषयी बोलतायत. बायकोला मात्र त्यांनी नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. "गो" म्हणायचे, तेही मान न वळवता.

कुडाळात आमची घरं शेजारी शेजारी. मधे कमरेएवढा दगडी गडगा. मी शाळेत मराठी शिकवत होते, भाईंचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. उंच, काटक, सदऱ्याच्या खिशात भिंग साफ करायचा तलम कपडा, आणि समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या चेहऱ्याकडे न बघता चेहऱ्यावरच्या उजेडाकडे बघण्याची सवय. तुम्ही त्यांना घरातलं दुखणं सांगत असायचात आणि ते म्हणायचे, "जरा खिडकीकडे सर." पुष्कळ लोक त्यामुळे दुखावले जात. भाईंना ते कळायचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचं एक वाक्य बाजारात सगळ्यांना पाठ होतं. "कॅमेरो खोटा बोलणा नाय, मग मी कित्याक बोलू?" हे वाक्य त्यांनी एका मुलीला ऐकवलं तेव्हा मी तिथे शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो न्यायला गेले होते. स्थळांना पाठवायला फोटो हवा म्हणून आई तिला घेऊन आली होती. मुलीच्या उजव्या गालावर लहानपणी भाजल्याचा डाग होता. आई हळूच म्हणाली, "भाई, डाग थोडो कमी करूक जमात?"

"डाग कमी करूचो तर डॉक्टराकडे जा. माझ्याकडे आसा ताच येतला."

आणि त्यांनी दिवा उजवीकडून लावला. मुलगी स्टुलावर बसून होती. पदर सारखा करायला उचललेला हात तिने तसाच मांडीवर ठेवला. पुढे तिने दुसरीकडे फोटो काढून घेतला असं कळलं. भाई हा किस्सा स्वतःच सांगायचे, आपल्या सचोटीचा दाखला म्हणून.

मोबाइल आले आणि स्टुडिओची रया गेली. अर्धं शटर ओढून भाई आत पंख्याखाली बसलेले असत. त्या दिवसांत कोटाच्या मालकांनी, म्हणजे वालावलच्या वाटेवर खाडीकाठी जे जुनं सरदार घराणं आहे त्यांनी, भाईंना जुन्या तसबिरींचे फोटो काढायला बोलावलं. कोट म्हणजे चिऱ्याचा तट, पडका बुरूज, मधे वाडा, आणि मागे खाडीपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली बाग. कुणे एके काळी तिथे दगडी पाटांतून पाणी खेळवलेलं होतं, आता एकाच पाटात वाहत होतं. मालक पुण्याला. बागेत रान माजलेलं. पण झाडं होती. वड, सुरंगी, तळीवरचा बकुळ, नागचाफा, दोन माणसांच्या कवेत न मावणारा फणस, आणि एक आंबा, ज्याचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. भाई तसबिरी काढायला गेले आणि संध्याकाळपर्यंत बागेतच राहिले.

घरी आले ते गडग्यावर हात टेकून माझ्याशी बोलले. असं ते एरवी कधी बोलत नसत. "बाई, आयुष्यभर मी माणसांची तोंडा काढलंय. फुकट गेला सगळा."

भाईंची बायको, आमच्या काकी, पाठीमागे दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी ऐकलं असणार.

त्यानंतर दर रविवारी भाई कोटात. पहिले काही फोटो त्यांना पसंत पडेनात. झाड मोठं आहे हे फोटोत कळत नव्हतं. बाजूला काही ओळखीचं असल्याशिवाय वड वडाएवढा दिसत नाही, एवढंच त्यांना सुचलं आणि पुढच्या रविवारपासून काकींना ते बरोबर न्यायला लागले. बरोबर म्हणजे एका गाडीवरून नव्हे. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर कॅमेऱ्याचं तिकाटणं आणि पिशव्या बांधलेल्या असत. काकी एसटीने जात आणि फाट्यावरून चालत. कधी मला सवड असली तर मी माझ्या स्कूटरवरून सोडायची. म्हणून यातलं बरंचसं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

"झाडाक टेकान उभी रव. तोंड तिकडे. माप म्हणान होया तू, बाकी काय नाय."

तोंड तिकडे, याला कारण होतं. त्यांच्या मुलीच्या, सुप्रियाच्या, साखरपुड्यात सगळे फोटोसाठी उभे राहिले होते. काकीही नवी साडी नेसून कडेला येऊन उभ्या राहिल्या. भाईंनी कॅमेऱ्यातून बघितलं, कॅमेरा खाली घेतला आणि व्याह्यांच्या देखत म्हणाले, "तू बाजूक हो गो. तुझा तोंड फोटोचा नाय." कुणीतरी हसलं. काकीही हसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसापासून कुणी मोबाइल वर धरला की त्या हात आडवा करायच्या. सुप्रिया लग्न होऊन म्हापशाला गेली, सणावाराला यायची, आईचे फोटो काढायला बघायची. तिच्या मोबाइलमध्ये आईचा तळहात होता, पदर होता, दाराआड चाललेली साडी होती.

काकी बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस पांढरे होऊनही भरघोस. अंबाडा मानेवर बसे. बोलायला तिखट होत्या, पण नवऱ्यासमोर नाही. मी एकदा विचारलं, "काकी, दर रविवारी ह्या उभा रवना, कंटाळो येणा नाय?"

"कंटाळो कसलो? पाठ करून उभा रवल्यावर ह्यांचा तोंड दिसणा नाय. आठवड्यातना तितकोच येळ सुखाचो."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आंब्याचा फोटो काढला तो रविवार मला विसरता येत नाही. मार्च संपत आला होता, झाड मोहरून गेलं होतं आणि बुंध्यावर लाल मुंगळ्यांच्या रांगा होत्या. आमच्याकडचे हे मुंगळे चावले की जागा आगीसारखी पेटते. भाईंनी काकींना बुंध्यालगत उभं केलं. वरच्या फांद्यांतून ऊन गळत होतं आणि भाईंना ते बुंध्यावर एका ठरावीक जागी हवं होतं. ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो. थोड्या वेळाने काकी म्हणाल्या, "आवो, मुंगळे."

"हालू नको."

"पायार चढतत."

"चढान जातले. ऊन येता. हालू नको सांगलंय मां."

मी पुढे झाले तर मला हाताने अडवलं. "बाई, तुमी फ्रेमीत येव नको." काकी हलल्या नाहीत. एकदाच त्यांचा डावा खांदा किंचित वर गेला. मग खटकन आवाज झाला, आणखी एकदा झाला, आणि भाई म्हणाले, "झाला." काकी चालत पाटापर्यंत गेल्या, खाली बसल्या आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पाण्यात सोडले. पोटऱ्या लालभडक सुजल्या होत्या. मी मुंगळे काढत होते. काही मेलेले, तरी तोंड रुतलेलं. भाई कॅमेऱ्यात बघत होते. मग इकडे आले आणि मला कॅमेरा दाखवत म्हणाले, "बघा, काय शांत इलोहा."

फोटो खरोखर सुंदर होता. हे सांगणं भाग आहे, नाहीतर भाईंविषयी मी खोटं लिहिलं असं होईल. तो अजस्र बुंधा, त्यावर उन्हाचा एक तुकडा, आणि तळाशी अंबाडा घातलेली एक बाई, झाडाशी काही बोलायला आल्यासारखी. पुढे भाईंच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं तेव्हा त्या फोटोसमोर लोक उभे राहून राहून पुढे जात. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "या कोण हो?" भाई म्हणाले, "माप." त्यांना वाटलं, विनोद केला.

एका झाडाचा ते एकच फोटो ठेवायचे. बाकीचे पुसून टाकायचे. रिळाच्या काळातही निगेटिव्ह कात्रीने कापून टाकत. "दोन ठेवलास म्हणजे एकय बरो नाय," असं त्यांचं म्हणणं. जुन्या ज्या राहिल्या होत्या त्या दमट हवेने बुरशी धरून गेल्या, त्यांत त्यांच्या लग्नाचाही फोटो गेला. भाईंनी त्यावरची बुरशी पुसायचा प्रयत्न केला नाही. म्हणाले, काढणाऱ्याला उजेड कळत नव्हता.

सुरंगी राहिली होती. ती फुलते त्या दिवसांतच काढायची असं भाईंनी ठरवलं होतं, आणि दोन वर्षं काही ना काही आडवं येत गेलं. तिसऱ्या वर्षी मीच काकींना घेऊन गेले. वाटेत स्कूटरवर त्या माझ्या पाठीवर डोकं टेकून बसल्या होत्या, एरवी कधी बसत नसत. बागेत सुरंगीचा वास भरून राहिला होता. ढग होते. भाई ढग सरायची वाट बघत होते. काकींनी एक हात वर करून बुंध्यावर ठेवला.

"तो हात तसोच ठेव," भाई म्हणाले. "बरो दिसता."

बराच वेळ गेला. ढग सरले, फोटो झाला. काकी झाडाच्या मुळावर बसल्या त्या उठेनात. मी पाणी दिलं. ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाल्या, "हात प्रेमान ठेवक नव्हतो गो. चक्कर येय होती. धरूक काय तरी होया होता."

मी भाईंना सांगितलं. "उनाचा होता तसा," ते म्हणाले आणि तिकाटणं मिटायला लागले. डॉक्टरांनी नंतर हृदय कमकुवत असल्याचं सांगितलं, औषधं दिली, विश्रांती सांगितली. पुढच्या रविवारी काकी एसटी स्टँडवर उभ्या होत्या. मी भांडले. भाईंशी नव्हे, काकींशीच. त्या म्हणाल्या, "मी नाय गेलंय तर हे पण घरात रवतले. दिवसभर तोंड बघूचा लागात."

श्रावणात एका दुपारी भाईंनी गडग्यावरून हाक मारली, "बाई, जरा येतास?" त्या आवाजावरून मला कळलं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेताना वाटेत रिक्षातच काकींचा श्वास थांबला. डोकं माझ्या मांडीवर होतं. भाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी म्हटलं, "भाई, काकी गेल्या." त्यांनी मागे वळून बघितलं. खूप वेळ बघत राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "परत फिरव."

बाराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा होता. सुप्रियाने कपाटं धुंडाळली, मोबाइल धुंडाळला. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून आणला. बाजारातल्या दुसऱ्या स्टुडिओतून. डोळे ताणलेले, ओठ मिटलेले, कडा विस्कटलेल्या. कुडाळातल्या सगळ्यात नामांकित फोटोग्राफरच्या बायकोला हार घातला तो त्या फोटोला. आलेले लोक फोटोकडे बघत, मग भाईंकडे बघत, मग पानाकडे. भाईंनी एकदाच म्हटलं, "उजेड वाईट आसा."

जाताना सुप्रिया म्हणाली, "बाबा, कोटातले फोटो माका देवा. आई पाठमोरी आसा, पण आसा तरी. संपूर्ण आसा." भाईंनी मान हलवली. तेव्हा घाईत होती ती, मुलांची परीक्षा होती. पुढच्या खेपेला नेईन म्हणाली.

ती पुढची खेप यायच्या आत कोटाचे धाकटे मालक पुण्याहून आले. वाड्याचं हॉटेल करायचं होतं. बाग साफ करून पायवाटा घालायच्या होत्या, खोल्याखोल्यांतून आणि दर्शनी दालनात झाडांचे मोठमोठे फोटो लावायचे होते. खाली नाव भाईंचं. भाई त्या दिवशी नवा सदरा घालून गेले आणि परत आले ते गुणगुणत. मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं.

एक अट होती. मालकांचं म्हणणं, फोटोत ती म्हातारी नको. पाहुण्यांना झाड दिसावं. जुनं, शांत, निर्मनुष्य.

हे मला आधी कळलं नाही. मी एका संध्याकाळी उकडीचे मोदक घेऊन गेले तर भाई संगणकासमोर बसले होते. हे सगळं ते उतारवयात स्वतःच शिकले होते. पडद्यावर बकुळ होता, आणि काकी कमरेपासून वर नव्हत्या. भाई शेजारची साल उचलून काकींवर ठेवत होते. फार नाजूकपणे, थोडी थोडी. अंबाडा आधीच गेला होता. त्यांनी माझ्यादेखत पाठ झाकली, मग साडीचा काठ झाकला. टाचा राहिल्या. टाचांवर गवत ठेवलं.

मी म्हटलं, "भाई, तुमी कोणाचो डागसुद्धा पुसूक तयार नव्हतात."

"डाग तिच्या तोंडावर होतो. तो खरो. ही झाडाची नाय. मी उभी केललंय."

"मूळ फोटो ठेवलात मां?"

"दोन कित्याक ठेवचे?"

"सुप्रियेन मागितले होते."

हात थांबला. मग भाई म्हणाले, "ती आता नाय. मग माप कोणाचा?" आणि परत साल उचलायला लागले. मी ताटली तिथेच ठेवून आले. तेव्हा एकच झाड उरलं होतं, तो फणस. दुसऱ्या दिवशी तोही झाला.

सुप्रिया दिवाळीच्या आधी आली. मला आवाज ऐकू आले नाहीत, कारण आवाज झालेच नाहीत. ती बाहेर आली, पडवीत बसली. मी गेले. भाई दारात उभे होते. ती त्यांना म्हणाली, "सगळे?"

"सगळे."

"आंब्याचो पण?"

"त्यात तर काढूक सोपा होता. सावली होती."

ती आपल्या बापाकडे बघत राहिली. आईसारखेच रुंद खांदे होते तिचे. "बाबा," ती म्हणाली, "तुमच्या वेळेक मी येतलंय. सगळा करतलंय. पण तोपर्यंत येवचंय नाय." तिने चहा घेतला नाही. पिशवी उचलली आणि रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर उन्हात उभी राहिली. भाई दारातून बघत होते. मला म्हणाले, "त्या उनात उभी आसा, सावलेक ये म्हणा तिका." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं नाही.

हॉटेल सुरू झालं. उद्घाटनाला भाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यानंतर ते माझ्याशीही फार बोलेनासे झाले. स्टुडिओ विकला. घरातला दिवा संध्याकाळी लावायचे आणि पडवीत बसायचे. स्वयंपाक धड येत नव्हता. पेज आणि लोणचं. मी कधी डबा दिला तर घ्यायचे, धुऊन गडग्यावर ठेवायचे. रविवारी मात्र निघायचे. मोटरसायकल चालवायला डॉक्टरांनी बंदी केली होती, एसटीने जायचे आणि फाट्यावरून चालत. मला वाटायचं, झाडं बघायला जातात.

गेल्या वर्षी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी त्या हॉटेलात जेवण ठेवलं होतं. दर्शनी दालनात शिरले तर भाई उभे होते. फणसाचा फोटो भिंतीभर लावलेला. भाई त्याच्या इतके जवळ की नाक टेकेल. अंगावर तोच उद्घाटनाचा सदरा, कॉलर झिजलेली. काउंटरवरच्या मुलीने मला हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्या ओळखीचे आहेत का? दर रविवारी येतात. काही घेत नाहीत. पाहुणे विचारतात."

मी जवळ गेले. "भाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बोट काचेवर ठेवलं. "बाई, ही गाठ बघा."

फणसाच्या बुंध्यावर एक गाठ होती, जुनी फांदी तुटलेल्या जागेची.

"बघितलंय."

बोट वीतभर उजवीकडे सरकलं. "आता ही बघा."

तीच गाठ. तशीच्या तशी, तोच चरा, तोच चिकाचा ओघळ. एकदा दिसल्यावर मला ती दिसायची थांबेना. त्या दोन गाठींमधली साल खालपर्यंत सगळी दुसऱ्यांदा आलेली होती.

"झाडाक दोन गाठी सारख्यो कधी येणत नाय," भाई म्हणाले. "हंयसर माझो हात चुकलो."

"कोणाच्या लक्षात येवचा नाय, भाई."

"माझ्या येता."

मग त्यांनी त्या दुसऱ्या गाठीपासून बोट हळूहळू खाली आणलं, थोडं बाहेर वळवलं, परत आत घेतलं. आधी मला कळलं नाही ते काय करतायत. मग कळलं. खांदा. दंड. कंबर. ते तिला बोटाने परत काढत होते आणि कुठेतरी अडत होते. परत वर जात, परत खाली येत.

"बाई, तुमी होतात मां त्या दिवशी?" ते म्हणाले. "तिचो अंबाडो गाठीच्या वर होतो काय खाली?"

मी त्या दिवशी नव्हते. तसं मी सांगितलं.

काउंटरवरची मुलगी आली. अदबीने म्हणाली, "काका, प्लीज काचेला हात लावू नका. डाग पडतात." भाईंनी बोट काढलं. खिशातून भिंगाचा तलम कपडा काढला, काच स्वच्छ पुसली आणि दाराकडे चालू लागले.